खाडीचा हिस्सा ठेवून पाणी मागू

दरवर्षी सप्टेंबर आला की मराठवाड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. सतरा तारखेचं ध्वजवंदन होतं, मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांना मानवंदना होते आणि मग भाषणात, वक्ता कुठल्याही पक्षाचा असो, ते येतंच: कोकणातल्या नद्यांचं समुद्रात वाया जाणारं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणू आणि मराठवाड्याचा दुष्काळ कायमचा संपवू. टाळ्या पडतात. पडणारच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी आलं; सुमारे चार लाख वस्तीच्या शहराला माणशी सव्वा लिटर. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांनी पाण्याच्या आश्वासनाला टाळ्या वाजवल्या तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही.

माझा आक्षेप पाणी मागण्याला नाही. मागितलंच पाहिजे, आणि तेही भीक मागितल्यासारखं नाही. आक्षेप आहे तो मागणीला चिकटवलेल्या कारणाला. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, हे आपण जितक्या मोठ्यानं सांगू तितका पुढं आपलाच पाय खोलात जाणार आहे. शिवाय ते खरंही नाही. आधी ते खरं का नाही ते बघू, मग पायाचं.

आकडे आपल्या बाजूनं दिसतात, हे कबूल. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार राज्याच्या नद्यांमधून वर्षाला सरासरी १६४ अब्ज घनमीटर पाणी वाहतं आणि त्यातलं ६९ अब्ज एकट्या कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी. तिकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडे सातशेच्या आसपास, आणि तोही लहरी. उल्हास आणि वैतरणा खोऱ्यांतून गोदावरीत आणायच्या पाण्याचा जो आकडा सारखा कानावर येतो तो ५४-५५ टीएमसीचा, म्हणजे साधारण दीड अब्ज घनमीटर. एकोणसत्तरात दीड. दोन-सव्वादोन टक्क्यांनी समुद्राचं काय बिघडणार?

समुद्राचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते खाडीचं. आणि हे दोन टक्के अख्ख्या कोकणातून ओंजळ-ओंजळ गोळा व्हायचे नाहीत. ते नेमक्या दोन नद्यांच्या अंगातून काढायचे आहेत, ज्यांच्या खोऱ्यांतून मुंबई आधीच तानसा, वैतरणा, भातसा अशी धरणं बांधून पाणी पिते आहे. उल्हास वसईच्या खाडीला मिळते, वैतरणा तिच्या उत्तरेला स्वतःची खाडी करून समुद्रात जाते. सरासरीचा आकडा सांगायला सोपा असतो. मराठवाड्याला तर हे सांगायची गरजच नाही, कारण ‘जिल्ह्यात सरासरी इतके टक्के पाऊस’ या वाक्यानं आपल्या किती महसूल मंडळांचा पीकविमा बुडाला ते आपण जाणतो.

खाडी म्हणजे काय, हे आपल्यातल्या बहुतेकांना पाहून माहीत नसतं. आपल्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. आपली सहल फार तर गणपतीपुळ्याला जाते आणि वाळूवर फोटो काढून परत येते. माझा मावसभाऊ गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. परभणी, हिंगोली, नांदेडकडची डी.एड. झालेली कितीतरी पोरं तिकडे नोकरीला जातात आणि पुढची वर्षं आंतरजिल्हा बदलीच्या याद्या बघण्यात घालवतात, हा त्यातलाच. त्याच्यामुळं दाभोळची खाडी मला जवळून बघायला मिळाली. शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांची होडी होती. माणूस भोई समाजातला, दोन पिढ्या खाडीतच मासे धरणारा. ओहोटीच्या वेळी त्यानं आम्हाला आतल्या एका फाट्यात नेलं, जिथं रस्ता जात नाही आणि मोबाइलला रेंज येत नाही.

पाणी उतरत होतं तसा दोन्ही काठांना चिखल उघडा पडत होता. पहिल्यांदा वाटलं, नुसता काळा राडा आहे. मग तो राडा हलायला लागला. बोटाएवढे मासे, डोळे थेट डोक्यावर, पुढच्या दोन परांवर अंग ओढत चिखलावरून सरपटत होते आणि मध्येच टुणकन उडी मारत होते. निवट्या म्हणतात त्यांना. पाण्याबाहेर राहू शकणारा मासा मी पुस्तकात वाचला होता. तो माझ्यापासून हातभर अंतरावर दुसऱ्या निवटीशी जागेवरून भांडत होता. त्यांच्या आजूबाजूला नखाएवढे खेकडे, प्रत्येक नराची एक नांगी अंगाच्या मानानं भलती मोठी आणि तांबूस, ती वर-खाली हलवत बसलेले. होडीवाल्यानं तिवराची फांदी खाली ओढली आणि पानाला जीभ लावून बघा म्हणाला. पान खारट होतं. हे झाड मुळातून खारं पाणी घेतं आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. शेजारी कांदळाच्या शेंगा लोंबत होत्या. त्यांचं बी झाडावरच अंकुरतं आणि खाली पडून थेट चिखलात रुततं, म्हणजे भरतीनं वाहून जायच्या आत मूळ धरायला सवड मिळते. एका खडकावर पाणमांजराची विष्ठा वाळून पडलेली, तिच्यात माशाचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे स्पष्ट दिसत होते. वळणावर एक मगर ऊन खात पडली होती. आम्ही जवळ गेलो तशी ती घाई न करता पाण्यात उतरली, आणि मावसभावानं माझा होडीच्या काठावरचा हात मुकाट्यानं उचलून आत ठेवला. वाशिष्ठीतल्या मगरी चिपळूणकरांना नव्या नाहीत. मला होत्या.

मला विचाराल तर खरी गोष्ट मगरीची नव्हती. खरी गोष्ट होडीवाल्याच्या वेळापत्रकाची होती. तो कुठला मासा कधी कुठं मिळतो ते सांगत होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य गोड्या पाण्याशी येऊन थांबत होतं. पावसाचा लोंढा येतो तेव्हा खारं पाणी मुखापर्यंत रेटलं जातं. नदीनं आणलेला गाळ आणि पालापाचोळा खाडीत पसरतो. दसरा-दिवाळीकडे नदी ओसरते, भरती हळूहळू आत सरकते, आणि या दोघांच्या ओढाताणीत खाडीच्या प्रत्येक वळणाला पाण्याचा खारटपणा निराळा होतो. कोळंबीची पिल्लं समुद्रातून आत येऊन तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत जातात. जिताडा त्याहूनही आत जातो: जन्मतो मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात, पोसतो खाडीत आणि वर गोड्या पाण्यात, आणि अंडी घालायला पुन्हा मुखाकडे उतरतो. बोय, काळुंदर, तांबोशी, शेंगाळा, चिंबोऱ्या, कालवं, प्रत्येकाचा खारटपणा ठरलेला आणि महिनाही ठरलेला. मुंबईच्या बाजारात जो मासा ‘समुद्राचा’ म्हणून विकला जातो त्यातला बराचसा लहानपणी खाडीत राहिलेला असतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते ती याच प्रजननासाठी. म्हणजे सरकार एकीकडे माशाला अंडी घालायला दोन महिने सुट्टी देतं आणि दुसरीकडे त्या पिल्लांना वाढवायला येणाऱ्या पाण्याला वाया गेलेलं म्हणतं.

नदीचं पाणी येईनासं झालं तर काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. नर्मदेचं मुख भरूचला आहे. सरदार सरोवर झालं, वरचं पाणी कालव्यांनी निघून गेलं आणि भरूचजवळ खारं पाणी नदीत वर चढत गेलं. पाला, म्हणजे हिल्सा, पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढायचा; त्या माशावर तिथल्या कोळ्यांची वर्षाची कमाई व्हायची. ती मासेमारी पार खालावली. आता खारं पाणी अडवायला भाडभूतला आणखी एक बंधारा बांधला जातो आहे आणि पाल्याची उरलीसुरली वाटही बंद होईल म्हणून मच्छीमार त्याला विरोध करत आहेत. एका धरणानं केलेलं नुकसान भरायला दुसरं धरण. आणि गोदावरी? तीही शेवटी खाडीलाच जाते. पैठणला, गंगाखेडला, नांदेडला आपण जिला गंगा म्हणून हात जोडतो ती आंध्रात काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीत पसरते. तिथं मासेमार मांजर आहे, पाणमांजरं आहेत, समोरच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नदीवर धरणं वाढली तसा तिथं पोचणारा गाळ घटला आणि त्रिभुज प्रदेशाची किनार खचत चालली, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेलं आहे. त्या धरणांत आपलंही एक आहे. जायकवाडी बांधू नये असं मी म्हणत नाही. माझ्या घरातलं धान्य त्या पाण्यावर पिकलंय. पण पाणी अडवलं की खाली कुणाचं तरी जातं, एवढा हिशेब वहीत मांडायला काय हरकत आहे?

आता पायाचं.

आमचं शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला आहे. टेल म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, पाटकरी मोटारसायकलवर येऊन जातो, वरच्या चाऱ्यांवर रात्रीतून इंजिनं बसतात, आणि आपल्या चारीत पाणी येतं तेव्हा गहू पोटऱ्यात करपलेला असतो. वरचा माणूस वाईट असतो असं नाही. त्याला मनापासून वाटत असतं की पाणी त्याच्या शेतात पडलं तर कामाला लागतं आणि पुढं गेलं तर जिरून, झिरपून, चोरीला जाऊन वायाच जातं. खाडी म्हणजे नदीचं टेल आहे. मुंबईत बसून कोकणच्या नद्यांकडे बघणारा मंत्री आणि आमच्या वरच्या चारीवरचा बागायतदार यांचा युक्तिवाद एकच आहे.

हाच युक्तिवाद जायकवाडीविरुद्धही होतो, आणि त्याला आपण वर्षानुवर्षं तोंड देत आलो आहोत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आली: तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमध्ये वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहिली पाहिजे. मेंढेगिरी अभ्यासगटानं २०१३ मध्ये त्याचं गणित मांडलं, जायकवाडीत ६५ टक्क्यांपर्यंत साठा नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं हे सूत्र आलं, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटप उचलून धरलं. तरी काय होतं? २०२३ च्या दुष्काळात ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि प्रत्यक्ष दारं उघडायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. मधल्या काळात नाशिक-नगरकडून जी कारणं दिली गेली ती आठवा. वाटेत एवढं पाणी जिरतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ, पसरट, त्यात बाष्पीभवन फार. मराठवाडा ते पाणी उसाला आणि कारखान्यांना घालतो. थोडक्यात, खाली सोडलेलं पाणी वाया जातं.

आता ही ६५ टक्क्यांची अट खाली आणायचा प्रस्ताव पुढं आला तेव्हा आपण ओरड केली आणि ती रास्तच होती. पण आपण एका तोंडानं म्हणणार की नदीच्या खालच्या अंगाला असलेल्याचा पाण्यावर हक्क आहे, आणि दुसऱ्या तोंडानं म्हणणार की वैतरणेच्या खालच्या अंगाला असलेल्या खाडीचा काहीच हक्क नाही. समोरचा वकील हे दोन कागद शेजारी ठेवायला किती वेळ लावेल? आपली सगळी कायदेशीर ताकद एकाच तत्त्वावर उभी आहे: खोरं हे एकक आहे, आणि वर असणं म्हणजे मालकी नव्हे. ते तत्त्व आपणच वर्षातून एकदा माइकवरून मोडतो.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याच्या बाबतीत आपण तेलंगणाच्या वरच्या अंगाला आहोत, हेही विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. नांदेडकडच्या लोकांना तो अन्याय वाटतो, आणि ऐन पावसाळ्यात बंधारा उघडा ठेवायचा तर तो बांधला कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. पण तेलंगणाचं म्हणणं ऐकलं तर ते जायकवाडीवरून आपण जे बोलतो त्याच चालीचं आहे.

यावर येणारं उत्तर मला पाठ आहे. माणूस आधी की चिंबोरी आधी? औसा-निलंग्याची बाई दोन किलोमीटरवरून घागर आणते आणि तुम्हाला निवट्यांची पडलीय. प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातोय. पिण्याच्या पाण्यासाठी ५४ टीएमसी लागत नाही. नाथसागराची एकूण साठवण १०२ टीएमसी. कडक उन्हाळ्यात त्यातून दिवसाला एक दशलक्ष घनमीटरच्या आसपास पाण्याची वाफ होते. छत्रपती संभाजीनगर शहराच्या रोजच्या पुरवठ्याच्या कित्येक पट. शहराला नळ आठ-आठ दिवसांनी येतो तो धरणात पाणी नाही म्हणून नव्हे, भरलेल्या वर्षीही तो तसाच येतो. मोठं पाणी लागतं ते शेतीला, आणि शेतीत उसाला. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनीच इथल्या उसावर बंदी आणावी अशी शिफारस सरकारला केली होती. तिचं पुढं काय झालं ते दिसतंच आहे. कारखान्यांची धुराडी मोजावीत. ऊस लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. सोयाबीनचा भाव, कापसाची बोंडअळी आणि उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, यांत शहाणा माणूस काय निवडेल? पण मग मागणी स्पष्ट करावी: आम्हाला उसासाठी पाणी हवंय. घागरीवाल्या बाईला पुढं करून मागू नये.

आणि चिंबोरीच्या पलीकडेही माणसंच आहेत. ज्या भोयाच्या होडीत मी बसलो होतो त्याला जमीन नाही, पेन्शन नाही, पीकविमा नाही. खाडी हीच त्याची शेती. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांची भातशेती खारबंधाऱ्यांमागं असते. पावसाचं गोडं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन काढतं तेव्हा कुठं तिथं भात उभा राहतो. ज्या कोकणात तीन हजार मिलिमीटर पडतो तिथल्याही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात. ही माणसं मराठवाड्याच्या दुष्काळाला जबाबदार नाहीत. आपल्या भाषणांत ती नसतातच. तिथं एकीकडे तहानलेला मराठवाडा असतो, दुसरीकडे अरबी समुद्र, आणि मध्ये कुणीच राहत नाही.

मग पाणी आणायचं कुठून? इथं एक गोष्ट अशी आहे की ती सभेत कुणी बोलत नाही. जी दाभोळची खाडी मी पाहिली तिच्यात नुसती वाशिष्ठी येत नाही. कोयनेचं धरण कृष्णेच्या खोऱ्यात, साताऱ्याकडच्या उतारावर. त्याचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीकडे खाली सोडतात, वीज करतात, आणि ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. कृष्णा लवादानं घालून दिलेली त्याची मर्यादाच वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. टाटांची मुळशी आणि तिच्या शेजारची धरणं भीमेच्या खोऱ्यातली. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, तो जमिनीसाठी. त्या धरणांचंही पाणी भिरा, भिवपुरी, खोपोलीला कोकणात उतरतं. दोन्ही मिळून शंभर टीएमसीहून जास्त. पूर्वेकडे जायचं निसर्गानं ठरवलेलं पाणी: टाटांचं भीमेतून उजनीकडे, सोलापूरकडे; कोयनेचं कृष्णेतून सांगलीकडे. खाडीच्या नैसर्गिक हिश्शात ते कधी नव्हतंच. उलट होडीवाला सांगत होता की कोयनेची वीजनिर्मिती थांबली की खारं पाणी भलतं वर चढतं आणि सुरू झाली की अवेळी गोडं येतं, मासा गोंधळतो. अवेळी आलेलं जास्तीचं पाणीही खाडीला सोसत नाही.

म्हणजे राज्य एका घाटात तुटीच्या खोऱ्यातलं पाणी खाली टाकून वीज बनवतं, आणि दुसऱ्या घाटात वीज जाळून कोकणातलं पाणी तुटीच्या खोऱ्यात वर चढवायचं म्हणतं. कोकणाशी भांडण्याआधी मराठवाड्यानं या शंभर टीएमसीचा हिशेब मागायला नको का? मला कळतं की ते सरळ नाही. कोयनेची वीज संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी लागते, टाटांच्या पाण्यावर आता कोकणातली शहरं आणि कारखाने उभे आहेत, लवादाचे निवाडे आहेत. ते पाणी एका झटक्यात वळवता येणार नाही आणि वळवलं तरी बीड-परभणीच्या गोदाकाठाला थेट मिळणार नाही. भीमेच्या बाजूच्या धाराशिवला, आष्टीला मिळेल. पण सौर वीज स्वस्त होत असताना, धरणाच्या पाण्याची वीज किती आणि कधी करायची हा करार पुन्हा उघडायला काय अडचण आहे? कृष्णेतलं २१ टीएमसी मराठवाड्याचं, ही घोषणा ऐकून लोकांचे केस पांढरे झाले, आणि कामं अजून पहिल्या ७ टीएमसीभोवतीच फिरतात. जे कागदावर आपलंच आहे ते आधी आणा, असं ठणकावण्याऐवजी आपण ‘वाया जाणाऱ्या’ पाण्याच्या मागं लागलो आहोत.

याचा अर्थ उल्हास-वैतरणेचं पाणी घेऊच नये, असा मी काढत नाही. कोकणातले काही पर्यावरणप्रेमी मित्र तसा काढतात; त्यांच्याशी माझं पटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नदी दुथडी वाहते तेव्हा पुराच्या माथ्याचा काही भाग काढला तर खाडी तो सोसू शकते. तोच भाग सप्टेंबरनंतर, नदी ओसरताना काढला तर जिताड्याच्या आणि कोळंबीच्या वाढीचा काळ मारला जातो. किती काढलं यापेक्षा कधी काढलं याला खाडीत जास्त किंमत आहे. गंगेसाठी केंद्रानं २०१८ मध्ये किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. कोकणातल्या नद्यांसाठी असं काही नाही. वसईच्या आणि वैतरणेच्या खाडीत महिन्यागणिक खारटपणा किती असतो, गोडं पाणी किती आलं की मासा किती येतो, हे निदान चार-पाच पावसाळे मोजून मगच कुठून किती पाणी घ्यायचं ते ठरवावं, आणि तसा किमान प्रवाह कायद्यानं बांधून द्यावा. २०२० मध्ये पांढरी चिपी या खारफुटीच्या झाडाला राज्यानं अधिकृत मान दिला. त्या झाडाच्या मुळाशी येणारं पाणीही त्या मानात धरायला हवं.

ही मागणी मराठवाड्यानंच करावी, असं मला वाटतं. कोकणानं केली तर ती अडवणूक दिसते. आपण केली तर जायकवाडीच्या प्रत्येक सुनावणीत ती आपल्या बाजूनं बोलेल: ज्यांनी खाडीचा हिस्सा मान्य केला त्यांचा हिस्सा वरच्यांनी का मान्य करू नये? मराठवाड्यातल्या पाणी परिषदांना वसई-पालघरकडच्या मच्छीमार संस्थांचे दोन प्रतिनिधी बोलवायला फार खर्च येत नाही. व्यासपीठावर हारतुरे कमी झाले तरी चालतील.

आणि त्याच बैठकीत एक प्रश्न कुणीतरी अभियंत्यांना विचारावा. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर वर चढवायचं तर पंपांचं नुकसान धरून पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज लागते. ५४ टीएमसीला हेच गणित लावलं तर वर्षाला अडीचशे कोटी युनिटांच्या पुढं जातं. धरण वरच्या अंगाला बांधून उपसा कमी करता येईल, आकडा थोडा खाली येईल, पण दरवर्षीचं हे बिल कोण भरणार? वीजबिल थकलं म्हणून बंद पडलेल्या उपसा सिंचन योजना मराठवाड्यानं कमी पाहिलेल्या नाहीत. पाइप गंजतात, पंपघराला कुलूप लागतं आणि संस्थेवरचं कर्ज सातबाऱ्यावर बसतं. ही योजना त्या वाटेनं गेली तर वैतरणेवरचं धरण तसंच उभं राहील, त्यातलं पाणी जवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीला जाईल, आणि आमच्या टेलच्या चारीत तेव्हाही बाभळी उगवलेल्या असतील.